बर्फातला नमुना

दिवसभर मी उंदरांच्या शुक्रपेशींमधला डीएनए वेगळा करायचे आणि संध्याकाळी मयूर विहारच्या फ्लॅटवर येऊन, आता पुण्यात राहणाऱ्या सासूबाईंनी पाठवलेला शतावरी कल्प दुधात ढवळायचे. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, नवऱ्याची एकही नाही.

प्रयोगशाळेत आमचं काम मेथिलीकरणावर होतं. डीएनएवर बारीक रासायनिक खुणा असतात. कोणतं जनुक गप्प ठेवायचं, ते बऱ्याचदा त्यांच्यावर ठरतं. बीजपेशी तयार होताना जुन्या खुणा बहुतेक पुसल्या जातात आणि नव्या लावल्या जातात. त्यात गडबड झाली की नर दिसायला धडधाकट, पण पिल्लं नाहीत. हे मी जेवताना सांगायचे. नवरा दिल्लीतच वाढलेला. ‘अच्छा’ म्हणून पोळी वाढून घ्यायचा.

एकदा मी म्हटलं, “उंदरांना विचारावं लागत नाही, एवढं सोपं आहे.”

त्यानं ताट बाजूला सारलं. म्हणाला, “नोएडाला ऑफिसजवळ तपासणीचं नवं सेंटर उघडलंय. एकदा नमुना देतो. एकदाच. आणि आईला कळता कामा नये.”

रिपोर्ट मी आणला. शुक्रपेशींची हालचाल : शून्य. घरी आल्यावर मला बसवेना. ओटा दोनदा पुसला, वाळलेले कपडे पुन्हा दोरीवर टाकले. तो आल्यावर चपला काढायच्या आतच विचारलं, “नमुना नेलास कसा?”

“थर्मासमध्ये, बर्फात. सेंटरच्या दारात डबी बाहेर काढून, पुसून दिली.”

“बर्फात? कोणी सांगितलं?”

“तूच. पाच वर्षं ऐकतोय यार, बर्फावर ठेवलं नाही की नमुना खराब. फ्रीजचे दोन्ही ट्रे रिकामे केले मी.”

“ते डीएनएसाठी. या पेशी जिवंत लागतात. अंगाइतक्या उबदार.”

“मग शून्य ते थंडीनं?”

“माहीत नाही. पुन्हा द्यावा लागेल.”

तो आता कुठे चपला काढायला वाकला. मला वाटायचं, मी सांगते तेव्हा त्याचं लक्ष जेवणात असतं.

पुढच्या शनिवारी डबी बनियनच्या आत, वर स्वेटर, आणि दोन्ही हात पोटावर, असा तो गाडीत बसला. गाडी मी चालवली. बाहेर कडाक्याची थंडी, दोन्ही बाजूंना अर्धवट बांधलेल्या काचेच्या इमारती.

“हळू,” तो म्हणाला.

“हळू नाही. तासाच्या आत पोचायचंय.”

मी गाडी लावून आत गेले, तर काउंटरवर ही रांग. आणि ज्याला आईलासुद्धा सांगायचं नव्हतं, तो सगळ्यांच्या पुढे जाऊन मोठ्यानं सांगत होता, “भाईसाहब, सैंपल है मेरा, ठंडा हो रहा है. पहले ले लो.”

रांग बाजूला झाली.

इथे फार तर हालचाल कळणार होती. डीएनएवरच्या खुणा नीट लागल्यात की नाही, ते तेव्हा कुठलंच सेंटर सांगत नव्हतं. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. घरी जाऊ या, असं दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही.