नामदेवच्या घरातलं दहावं काडतूस

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मला शेवगावच्या पूर्वेला एका गावी पाठवलं. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून आहेत.

पलटण सोडून मला दोन वर्षं झाली होती. लढाईत मी इटलीपर्यंत जाऊन आलो होतो, हवालदार म्हणून सुटलो आणि देवळाली प्रवरेला उसाच्या मळ्यावर मुकादम झालो. तिथं मामलेदार कचेरीचा माणूस आला. हद्दीवरच्या गावांना संरक्षणासाठी बंदुका दिल्या आहेत, शिकवायला माजी सैनिक हवेत, म्हणाला. मी गेलो.

गावापासून मोगलाईची, म्हणजे निजामाच्या राज्याची, हद्द अडीच मैल. मध्ये एक कोरडा ओढा. ओढ्यापलीकडून टोळ्या येतात, गावं लुटतात, अशा बातम्या रोज यायच्या. त्यांतल्या खऱ्या किती, कुणालाच ठाऊक नव्हतं. गावात कुणाचा पाहुणा आला की त्याच्या मागे चार डोळे असत. एका कासाराची बांगड्यांची पेटी लोकांनी तळापर्यंत उपसली. त्यात बांगड्याच होत्या. तरी त्याला ओढ्यापर्यंत पोचवून आले आणि तो कुठल्या दिशेला वळतो ते बघत उभे राहिले. मीही उभा होतो.

बंदुका सहा. सगळ्या जुन्या, एकनळी, बारा बोअर, वर घोडा असलेल्या. सहा माणसांना प्रत्येकी एक आणि मोठ्या छऱ्यांची दहा दहा काडतुसं. मी म्हणालो, सगळं चावडीत ठेवू, पेटीत, कुलपात. पाटील म्हणाले, "हवालदार, टोळी आल्यावर किल्ली धुंडीत बसायचं का?" बाकीच्यांनी माना हलवल्या. खरी गोष्ट वेगळी होती. किल्ली ज्याच्याकडे राहील त्याच्यावर कुणाचा भरवसा नव्हता. बंदुका घरोघर गेल्या.

मग मी घरोघर फिरून हुकूम दिले. बंदूक घरात रिकामीच राहील. तुळईला टांगायची, चापाच्या कडीतून साखळी घालून कुलूप लावायचं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, पत्र्याच्या डब्यात, त्यालाही कुलूप. दोन्ही किल्ल्या ज्याची बंदूक त्याच्या करदोड्याला. बंदूक हातात घेतली की आधी नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, आत बघायचं, मग पुढचं काम. हे मी त्यांच्याकडून महिनाभर रोज शंभरदा करून घेतलं.

नामदेवच्या घरी त्याची बायको हौसा पीठ चाळत होती. पाच वर्षांची गोदी तिच्या पाठीवर लोंबकळत होती. मी साखळी लावून दाखवली तशी हौसा म्हणाली, "आन् पोरीला काय सांगायचं?"

"काही सांगू नका. सांगितलं की तिचं लक्ष तिकडंच जाईल. कुलूप तेवढं रोज ओढून बघा."

"मी बघंन," ती म्हणाली. नामदेव हसला. "हिला कुलपाचं काय कळतंय?"

रोज सकाळी सात वाजता चावडीपुढं फॉल इन, सहाही जण रांगेत. बंदूक, डबा, मोजणी. मोजणी झाली की बंदुकीची नळी मी स्वतः मोडून बघत असे. काडतुसं ज्याची त्याने मोठ्याने मोजायची. पाच आठवडे सगळ्यांची दहा भरली.

सहाव्या आठवड्यात एका मंगळवारी नामदेवच्या डब्यात नऊ निघाली.

"दहावं कुठाय?"

"काल हुतं, साहेब."

"मग?"

"चोरलं कुनीतरी."

रांग हलली. पाटलांनी विचारलं, "काल तुझ्या घरी कोन आलं हुतं?"

नामदेवने डब्याचं झाकण लावलं. "इमाम आल्ता. गाद्यांचा कापूस न्यायला."

इमाम रांगेतच होता, शेवटचा. जातीने पिंजारी. सहा बंदुकांतली एक त्याची. चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याची मेहुणी ओढ्यापलीकडच्या गावात दिलेली होती. एवढं पुरेसं होतं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मीही बघितलं.

आम्ही नामदेवच्या घरी गेलो. डब्याचं कुलूप शाबूत. हौसा दाराआडून म्हणाली, "इमामभाई वट्यावर बसले हुते. आत आलेच न्हाईत. मी दारातच हुते."

"तू गप बस," नामदेव म्हणाला.

"मी काय खोटं सांगती का? घरात कुनी शिरलं न्हाई. घरातच नीट बघा."

मी तिचं ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. नवऱ्याच्या घराची अब्रू राखतेय, असं वाटलं. नामदेवने बंदूक खांद्यावरच ठेवली होती. त्या सकाळी तिची नळी मोडून बघायची राहिली होती, कारण मोजणी मधेच थांबली होती. माझ्या ते ध्यानातच आलं नाही. मी इमामच्या घराकडे निघालो होतो.

इमामच्या घरी आम्ही पिंजलेल्या कापसाचे ढीग उसकटले. त्याची बायको आणि दोन पोरं भिंतीला लागून उभी होती. काही सापडलं नाही. त्याची बंदूक तुळईला, साखळीत, रिकामी. सहा घरांत इतकी नीट ठेवलेली दुसरी नव्हती.

"माजी धा हायेत. मोजा," तो म्हणाला.

"मोजली."

"मंग?"

"बंदूक जमा करायची आहे. हुकूम आहे."

हुकूम कुणाचाच नव्हता. माझाच होता. इमामने करदोड्याच्या किल्ल्या सोडून माझ्या हातावर ठेवल्या.

नंतरचे तीन दिवस वाईट गेले. पहाऱ्यांच्या धांदलीत सकाळचं फॉल इनही मी घेतलं नाही. इमामच्या घरी कुणी कापूस टाकेना. तो पाण्याला निघाला तरी एक माणूस मागून जाई. ते काडतूस पलीकडे पोचलं, आता गावात किती बंदुका आहेत ते त्यांना कळलं, असं बोललं जाऊ लागलं. मी कचेरीला रिपोर्ट लिहिला. त्यात इमामचं नाव घातलं.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला बार झाला.

मी चावडीत होतो. शिट्टी फुंकली. "स्टँड टू!" पाचही जण ठरल्या जागी धावले. जागा गावाच्या पूर्वेला, तोंडं ओढ्याकडे. नामदेव त्याच्या बंदुकीविनाच आला. शेतातून थेट आलो म्हणाला. मी त्याला कुऱ्हाड घेऊन बाजूला बसवलं. म्हणजे हातात बंदुका चारच होत्या, आणि तेही मी त्या घाईत मोजलं नाही. आम्ही पालथे पडून ओढ्याकडे बघत राहिलो. पलीकडे एक म्हातारी शेळ्या राखत होती. तिनेही आवाज ऐकला असावा, ती आमच्या गावाकडे बघत होती.

तिच्याकडे बघताना मला कळलं. बार आमच्या पाठीमागे झाला होता.

तोवर दहा मिनिटं गेली होती. मी उठून पळालो.

इमामकडे बंदूक नव्हती, त्यामुळे त्याला नेमलेली जागाही नव्हती. आवाज आला तिकडे धावलेला गावातला तो एकटा माणूस. मी पोचलो तेव्हा हौसा नामदेवच्या उंबऱ्यात पडलेली होती आणि इमाम दोन्ही हातांनी तिच्या मांडीच्या सांध्यात कापूस दाबून धरून होता. कापूस लाल झाला की तो दुसरा घेई. आत वाकळांची चळत ढासळली होती. तिच्यातून बंदुकीचा दस्ता बाहेर आलेला. शेजारी गोदी बसलेली, रडत नव्हती. तिने वाकळ ओढली होती. घोडा गोधडीच्या दोऱ्यात अडकून मागे ओढला गेला आणि सुटला असावा. कुणी बघितलं नाही.

मी पटका सोडून बांधला. पण जखम इतक्या वर होती की बांध बसेना. इटलीत अशा जखमा बघितल्या होत्या. मला ठाऊक होतं.

"गाडी," मी म्हणालो.

"जुपायला सांगितलीया माज्या पोराला," इमाम म्हणाला.

बंदूक उचलून मी नळी मोडली. आत झडलेलं काडतूस होतं. नामदेव तेवढ्यात आला. मी ते त्याच्यापुढं धरलं. तो भिंतीशी बसला.

"भरून वाकळंत ठिवली हुती, साहेब. सोमवारपासनं. साखळी काढायला वेळ लागंल वाटलं. तुमी रागवाल म्हनून चोरलं म्हनालो."

"आणि इमामचं नाव?"

"पाटलानं इचारलं. तोंडात आलं."

मी काडतूस खिशात टाकलं. बोलण्याजोगं तोंड माझंही नव्हतं.

इमामने बैल हाकले. मी गाडीत हौसाचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. नामदेव गाडीच्या मागून पळत होता. ऊन फार होतं. पाच मैल ती शुद्धीवर होती. एकदा म्हणाली, "गोदी कुठं हाय?"

"शेजारी हाय, वैनी," इमामने मागे न बघता सांगितलं.

"तिला लागलं न्हाई ना?"

"न्हाई."

"तिला कुनी बोलू नका."

शेवगाव चार मैल राहिलं असताना ती गेली. मी सांगितलं नाही, पण इमामने गाडी थांबवली आणि नामदेव येईपर्यंत खाली उतरून उभा राहिला.

पोलीस आले, पंचनामा झाला, अपघाती मृत्यू लिहिला गेला. मी कचेरीला दुसरा रिपोर्ट पाठवला आणि इमामचं नाव काढायला सांगितलं. त्याची बंदूक घेऊन त्याच्या घरी गेलो. दारातच त्याने हात जोडले. "तुमच्यापाशीच असू द्या."

"माझं चुकलं, इमामभाई."

"व्हय," तो म्हणाला. एवढंच. दार त्याने लावलं नाही, पण आत या असंही म्हणाला नाही.

बंदुका चावडीतल्या लोखंडी पेटीत गेल्या. दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन घरांत. या खेपेला कुणी हरकत घेतली नाही. पावसाळा सरता सरता हद्दीवरची गडबड मिटली आणि मी त्या बंदुका कचेरीत जमा केल्या. त्या गावावर एकही टोळी कधी आली नाही. सहा बंदुकांतून त्या सबंध काळात एकच बार निघाला.

पुढे वीसेक वर्षांनी गोदी माझ्याकडे आली. शिक्षिका झाली होती, कडेवर लहान मूल होतं. गावाने तिला कायम सांगितलं होतं की बंदूक आपोआप पडली. तिने चहा घेतला नाही. सरळ विचारलं, "माझ्या हातून झालं का?"

मी वाकळांपासून गाडीपर्यंत सगळं सांगितलं. नळी तपासणं माझं काम होतं, त्या मंगळवारपासून मी ती तपासली नाही, हेही सांगितलं. ती बराच वेळ मुलाच्या झबल्याची नाडी बांधत राहिली.

"आई काही बोलली का?"

"तुला कुणी बोलू नका म्हणाली."

मग ती रडली. गेली तेव्हा संध्याकाळची एस.टी. सुटायला आली होती.

दर नोव्हेंबरात आमच्या चर्चमध्ये लढाईत पडलेल्यांची नावं वाचतात. वयाने मोठा म्हणून ती मी वाचतो. आमच्या मंडळीतले चौघे आहेत, दोघे इटलीत पडले, दोघे ब्रह्मदेशात. त्यांची नावं झाल्यावर मी पाचवं नाव वाचतो. पहिल्या वर्षी पाळकसाहेबांनी विचारलं, ही बाई कोणत्या पलटणीतली. मी म्हणालो, कोणत्याच नाही, ती घर राखत होती. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

हौसाबाई नामदेव. वय अंदाजे पंचवीस.