सावंत सरांचा कोठा आणि पालखीचा मान

चार शिक्षक रोज एका टेबलावर डबा खायला लागले, की पोटाचे किस्से आपोआप साठतात. मी रत्नागिरीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. आतड्यांची आकृती दरवर्षी फळ्यावर काढते, आणि मुलांना ती समजते. सहकाऱ्यांना मात्र नाही! आमच्या टेबलावर इतिहासाचे सावंत सर, गणिताचे पाटणकर सर, इकॉनॉमिक्सच्या मुल्ला मॅडम आणि मी. त्यात दोघांची पोटं बिघडलेली, आणि पचनावर लेक्चर देतात तेही तेच दोघं.

* * *

सावंत सरांची बद्धकोष्ठता ही स्टाफरूमची जुनी मेंबर. यंदा तिच्या जोडीला मूळव्याध आली, तेव्हा कुठे सर डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी साधंच सांगितलं. पालेभाजी खा, पाणी प्या, रात्री लवकर आणि हलकं जेवा, रोज चाला, सकाळी ठरल्या वेळी जाऊन या. हे जमलं नाही तर ऑपरेशन, आणि त्यानंतर बरेच दिवस जड काही उचलायचं नाही.

हे ऐकून सर पांढरेफटक पडले. त्यांचं गाव मालगुंडच्या अलीकडे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी त्यांच्या अंगणात आली, की ती खांद्यावर घेऊन नाचवायचा पहिला मान सरांचा. त्यांना जमलं नाही तर तो मान चुलतभाऊ दिनूकडे जाणार. आणि एका हापूसच्या कलमावरून दिनूशी त्यांचं बोलणं बंद!

"मी मेलो तरी चालेल, पण दिनूच्या खांद्यावर पालखी जाऊ देणार नाही!" सर टेबलावर हात आपटून म्हणाले.

"मग पालेभाजी सुरू केलीत?" मी विचारलं.

"परसात माठ आहे, अळू आहे. शेवग्याला तर पाला मावत नाही."

"पण खाता का?"

"छे हो! शेजाऱ्यांना वाटतो."

* * *

रात्रीच्या जेवणाचं मात्र सरांनी मनावर घेतलं. संध्याकाळी सातला मऊ भात, वर तुपाची धार, सोबत कुळथाची पिठी. आम्ही कौतुक केलं. मीसुद्धा केलं, याची मला आज लाज वाटते.

पुढे त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी, बाजारात भेटल्या. पिशवीतून सुरमईची शेपटी बाहेर डोकावत होती. म्हणाल्या, "अहो, सातला मऊ भात खातात आणि साडेनऊला परत पाटावर! तळलेली तुकडी, वडे, सगळं लागतं. मी म्हटलं, जेवलात ना मघाशी? तर म्हणतात, ते औषध होतं, जेवण कुठंय?"

* * *

सकाळच्या ठरल्या वेळेचंही तसंच. डॉक्टरांनी बजावलं होतं, संडासात मोबाईल न्यायचा नाही, कुंथत बसायचं नाही. सर मोबाईल घेऊनच जायचे. आत बसून बघायचे काय, तर बद्धकोष्ठतेवरचे व्हिडिओ!

घरात माणसं खोळंबलेली. वहिनी दारावर थाप मारायच्या, "अहो, झालं की नाही?"

आतून उत्तर, "थांब गं! जास्त वेळ बसू नये, असं सांगतायत. तेवढं ऐकून येतो!"

* * *

आता पाटणकर सर. यांना अ‍ॅसिडिटी. घरच्या वाडीत रातांब्याची, म्हणजे कोकमाची झाडं, दर उन्हाळ्यात फळं पिकून मातीत सडतात. हे मात्र कुठल्याशा थंड प्रदेशातलं सफरचंदाचं व्हिनेगर मागवून, उपाशीपोटी नाक दाबून पितात. मग दिवसभर छाती चोळतात.

मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, ते बंद करा. जेवणात बेताचं तिखट आणि सोबत घरची सोलकढी घेऊन बघा."

माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाले, "मॅडम, सोलकढीत सायन्स नाही!" हा माणूस बायोलॉजीच्या बाईला सायन्स शिकवतो! मी डब्याचं झाकण लावलं आणि वर्गावर गेले.

* * *

मग त्यांनी उपास धरला. साधा नव्हे, इंग्रजी नावाचा, ठरावीक तासांचा. तेव्हा रमजान चालू होता आणि मुल्ला मॅडमचा रोजा. पाटणकर सर हातात वडापाव घेऊन त्यांना उपासाचे फायदे समजावत होते. पोटाला विश्रांती मिळते, शिस्त लागते, मन ताब्यात राहतं.

"आणि हा वडापाव?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

"अकरा वाजले ना! आता चालतं." सरांनी दुसरा उचलला. "तुमचं काय, पाणीसुद्धा नाही? कसं हो जमतं?"

मॅडम पेपर तपासता तपासता म्हणाल्या, "सर, उपास कळायला आधी भूक लागू द्यावी लागते."

* * *

शिमगा आला. सावंत सरांचं पोट जिथल्या तिथे! ज्याने जे सुचवलं ते त्यांनी आणून ठेवलं होतं, पण नेमाने काहीच केलं नव्हतं. पालखीच्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी इसबगोल, एरंडेल, त्रिफळा चूर्ण, कोमट दुधात तूप आणि वर पाटणकरांचं व्हिनेगर, असं सगळं एकदम पोटात ढकललं. "एकेकाला संधी द्यायला आता वेळ कुठाय?" असं त्यांनी स्वतःच आम्हाला अभिमानाने सांगितलं. मी आणि मुल्ला मॅडम पाहुण्या म्हणून गेलो होतो.

पालखी अंगणात टेकली. वहिनींनी ओटी भरली आणि म्हाताऱ्या मानकऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने हात जोडून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा म्हाराजा! ह्या घरचा कर्ता पोटाच्या दुखण्यानं बेजार झालाय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खा गाव ओरडला.

"सगळं उपाय करून दमला, आता तूच त्याचा कोठा साफ कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" यात मुंबईकर भाऊबंद होते, आणि सरांचे बारावीचे विद्यार्थीही!

सरांनी वहिनींकडे जळजळीत बघितलं, दिनूकडे तर त्याहून जास्त, आणि पालखी खांद्यावर घेतली. ढोल वाजायला लागले. सर काय नाचले! एक गिरकी, दुसरी गिरकी, पालखी नुसती उसळत होती. आणि मधेच ते थबकले. चेहरा बदलला. कपाळावर घाम आला. नजर गर्दीत कुणालातरी शोधायला लागली.

"दिनू! अरे दिन्या, धर! खांदा लाव लवकर!"

दिनूने धावत येऊन खांदा लावला. सर धोतर सावरत परसाकडे पळाले.

वहिनींनी डोक्यावर पदर घेतला आणि पालखीला हात जोडले.