चहा कुणी ठरवायचा?

“आजून उकळू दे रं, नुसता रंग आलाय,” असं कॅन्टीनच्या खिडकीशी उभं राहून आचाऱ्याला सांगणारी बाई म्हणजे आमच्या पॅकिंगमधली मावशी. शिरवळच्या कारखान्यात मी तिच्या शेजारी उभी राहून खोकी बांधायचे. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. अंगानं काटकुळी, आवाज मात्र मशीनच्या आवाजावर चढणारा.

आमच्यातली एक पोरगी पोटुशी होती. डॉक्टरांनी तिला चहा कमी करायला सांगितला, तेव्हा मावशीच घरून गवती चहाची पाती आणू लागली. “ह्यात ते कॅफिन नसतंय म्हणं. तू हेच घे गं,” असं म्हणून तिच्यासाठी वेगळं पातेलं चढवायला लावायची.

मग नवे मॅनेजर आले. त्यांनी भिंतीवर सूचना लावली. नेहमीच्या चहात कॅफिन जास्त, ग्रीन टीत कमी, गवती चहात अजिबात नाही. तरी कामगारांच्या आरोग्यासाठी यापुढे फक्त गवती चहा मिळेल.

मावशीनं एक घोट घेतला आणि पेला हातात घेऊन सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली.

“साहेब, तुमच्या कपात काय हाय?”

“कॉफी.”

“आन् त्यात किती असतंय?”

साहेब खोटं बोलणारे नव्हते. “चहापेक्षा जास्त,” ते म्हणाले.

“मग तुमी कॉफी सोडा, आमी चहा सोडतो.”

आम्ही सगळ्या हसलो. साहेब हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मावशीनं घरचा स्टोव्ह आणला आणि सुट्टीत फाटकाबाहेर चहा टाकला. निम्मं पॅकिंग तिच्याभोवती गोळा झालं. आठवडाही झाला नसेल, आम्हाला कामावर लावणाऱ्या ठेकेदाराचा मावशीला निरोप आला, उद्यापासून कामावर येऊ नको.

मी हादरले. “मावशी, माफी मागून टाक की.”

“कशाची? माज्या काळजाला काय सोसतंय ते मी बघीन. त्येनी सांगावं, जरूर सांगावं. पर ठरवायचं न्हाई.”

सकाळी ती नेहमीसारखी फाटकाशी आली. तिला आत सोडेनात, म्हणून आम्हीही गेलो नाही. पोटुशी पोरगी सगळ्यांच्या पुढे बसली. माल न्यायला आलेल्या गाड्या रिकाम्याच उभ्या राहिल्या. शेवटी साहेब स्वतः बाहेर आले आणि मावशीला आत घेऊन गेले.

कॅन्टीनमध्ये दोन पातेली चढू लागली, एक नेहमीच्या चहाचं, एक गवती चहाचं. ती सूचना कुणीतरी फाडायला निघालं, तर मावशीच आडवी आली. “ऱ्हाऊ दे. खरं लिवलंय ते.”

पुढे गुडघे कुरकुरायला लागले तशी काम सोडून ती महाबळेश्वरकडे लेकीजवळ राहायला गेली. परवा आम्ही भेटायला गेलो, तर स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात काठी टेकून उभी होती आणि मुकादमाला सुनावत होती, “आदी बायकांना घटकाभर सावलीला बसू दे, मग पेट्या मोज.” मुकादम मान खाली घालून ऐकत होता. आम्ही हाक मारली नाही. तिचं बोलणं संपेपर्यंत बांधावरच उभ्या राहिलो.