हँडब्रेक कोणी ओढला

ही गोष्ट आजवर मी कोणालाच सांगितलेली नाही. म्हणजे — सांगितलीय, पुष्कळदा सांगितलीय. लग्नाच्या पंगतीत, वालीवला वर्कशॉपमध्ये चहा पिताना, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पाहुण्यांना. खरी मात्र एकदाही नाही.

माझं बरं चाललंय, हे आधी सांगतो. वालीवला गाड्यांचे सुटे भाग बनवतो. घर आहे, मुलगी कॉलेजात आहे, बायको — सुनीता — मला जीव लावते. रविवारी पापलेट खाऊन आडवा झालो की मला कोणाचा हेवा वाटत नाही. मग हे आत्ताच का उकरून काढतोय? भरल्या पोटीच असलं काही आठवत असेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका गिऱ्हाईक कंपनीने पुरवठादारांना रेसट्रॅकवर बोलावलं होतं. आपापली गाडी आणा, हेल्मेट आम्ही देतो, मनसोक्त पळवा. शेजारी बायकोला बसवायलाही परवानगी होती. मी तर हरखूनच गेलो. निघण्याआधी सुनीता म्हणाली, ब्रेक ऑइल बदलून घ्या, जुनं झालंय. मी — गाड्यांचे भाग बनवणारा माणूस — तिला हसलो.

फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. ब्रेक तापत गेले. लांब सरळ रस्ता संपत आला तेव्हा मी पाय दाबला, आणि पेडल पार तळाला गेलं, चिखलात पाय रुतावा तसं. समोर वळण, त्यापलीकडे खडीचा पट्टा, मग टायरांची भिंत. मी काय केलं? — हे लिहिताना अजून कान तापतात. मी स्टेअरिंग सोडलं, पाय पोटाशी घेतले, दोन्ही हातांनी हेल्मेट झाकलं आणि "आई गं" म्हणून ओरडलो.

गाडी थांबवली ती सुनीताने. शेजारून वाकून तिने एका हाताने स्टेअरिंग धरलं, गाडी खडीत घातली आणि दुसऱ्या हाताने हँडब्रेक ओढला — एकदम नाही, हळूहळू. नंदाखालला तिच्या वडिलांची, अण्णांची, केळीची वाडी. माल बाजारात नेणारा टेम्पो लग्नाआधी तीच चालवायची. त्या टेम्पोचे ब्रेक मनात आलं तरच लागायचे, म्हणून अण्णांनी तिला हे शिकवून ठेवलं होतं.

ट्रॅकवरची माणसं धावत आली. एकाने खिडकीतून वाकून विचारलं, "सर, हँडब्रेकवर थांबवलीत?"

मी म्हणालो, "हो."

सुनीता बाजूलाच होती, स्टेअरिंगच्या हिसक्याने दुखावलेलं मनगट धरून. काही बोलली नाही. मला वाटलं, परतीच्या वाटेवर बोलेल. घरी गेल्यावर तरी बोलेल. घरी आईने मला पाटावर बसवलं आणि सुनीताला ओवाळायला लावलं. तिने बँडेज बांधलेल्या हाताने तबक धरलं, मला ओवाळलं. तेव्हाही नाही, आजतागायत नाही. आम्ही दोघांनी आपसातसुद्धा हा विषय कधी काढलेला नाही.

एवढंच असतं तर मी ते थोडं हसण्यावारी नेलं असतं. पण पुढच्या रविवारी नंदाखालला गेलो. अण्णांनी तिला विचारलं, "मनगटाला काय झालं गं?" तिने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो — का म्हणालो? कोणी विचारलं होतं मला? — "घाबरून दाराचं हँडल आवळून बसली होती."

सगळे हसले. अण्णाही हसले, पण जरा उशिरा. "टेम्पो हाकणारी माझी पोर," ते म्हणाले, "फ्लॅटात राहून भित्री झाली." मग माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून वाचली." सुनीता माझ्या ताटात भात वाढत होती. "आमटी घालू का?" एवढंच तिने विचारलं.

अण्णा आता नाहीत. आपली मुलगी भित्री झाली, हे मनात घेऊन गेले. त्यांच्या हाताखाली शिकली म्हणूनच आम्ही दोघं वाचलो, हे त्यांना कळायला हवं होतं. ते मी त्यांच्याकडून चोरलं, आणि तिच्याकडूनही. मला लाज वाटते.

सुनीताने त्यानंतर गाडी चालवली नाही. चावी तिने मागितली नाही, मी पुढे केली नाही. आणि तरी आमचं छान चाललंय. संध्याकाळी दोघं गॅलरीत बसतो, ती मला चिडवते, मी तिला चिडवतो. तिच्या मनात काय आहे? मला माहीत नाही. विचारायची छाती नाही.

गेल्या रविवारी मुलीला गाडी शिकवायला बाहेर काढली. सुनीता सवयीने पुढच्या सीटकडे निघाली, तर मुलगी म्हणाली, "बाबा, आईला मागे बसू दे ना. ती उगाच पॅनिक होते."

सुनीता दारावर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली. रागाने नव्हे. थोडी हसतच होती.

मी म्हणालो, "हो."

ती मागे जाऊन बसली.