पायाला बांधलेली चिंधी

कड्याच्या पोटात कोरलेल्या त्या घरांत आता कोणी राहत नाही. लोक तिकीट काढून वर येतात, धुरानं काळं पडलेलं छत बघतात, "कसे राहत असतील हो इथं!" म्हणतात आणि विझलेल्या चुलीपाशी बसलेल्या म्हातारीचा फोटो काढतात.

म्हातारीचा जन्म त्याच खोलीतला. सगळ्यांना खालच्या इमारतींत हलवल्यावर तिला वर बसायचं काम मिळालं, गाइड असलेल्या भाच्याच्या ओळखीनं.

"आमच्या आत्याची मजा आहे," तो लोकांना सांगायचा. "जन्मभर फुकट बसली, आता बसायचा पगार."

लोक हसले की तो गोष्टीवर यायचा. घराला दार नाही, पुढं थेट दरी. म्हणून कड्यावरच्या आया रांगत्या पोराच्या पायाला चिंधी बांधायच्या आणि तिचं दुसरं टोक भिंतीतल्या दगडी कडीला. "आणि ह्या आत्यानं," इथं तो आवाज खाली आणायचा, "एक दिवस गाठ सैल बांधली." लोक काठाशी जाऊन डोकावत. तिची पोरगी कुठून पडली ते म्हातारीनं बोटानं दाखवायचं, असं ठरलेलं.

गाठ सैल नव्हती. त्या दिवशी म्हातारी पाण्याला गेली होती, आणि तेव्हा सात वर्षांच्या असलेल्या भाच्यानं गाठ सोडून पोरीला खेळायला मोकळं केलं होतं. ती पाणी घेऊन परतली तेव्हा चिंधी त्याच्या मुठीत होती. तिनं ती काढून घेतली, आणि माणसं जमल्यावर म्हणाली, माझीच गाठ सैल राहिली. नवऱ्यानं त्यावरून तिला टाकलं, तरी तिनं शब्द फिरवला नाही.

"गाठीचं तेवढं गाळ रे," ती एकदा भाच्याला म्हणाली. "पडली म्हण. पुरे."

"अगं, नुसतं पडली म्हटलं तर कोण थांबतंय ऐकायला?"

"तुला आठवत नाही काही?"

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "काय आठवायचंय? तूच सांगितलंस ना सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी तिनं बोट उचललं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मग चुलीपाशी तिच्या जागी प्लास्टरची बाई आली. तिचं बोट कायम दरीकडं.

म्हातारी तिकीट काढून वर चढली. प्लास्टरच्या मांडीवर नवी कोरी चिंधी ठेवलेली होती. लोकांना अडवायला बांधलेला दोर ओलांडून ती आत गेली आणि चिंधीचं टोक तिनं कडीला बांधलं, पूर्वी बांधायची तसंच. ओढावी तितकी आवळणारी गाठ. आतला पदर आधी मागं ढकलल्याशिवाय न सुटणारी.

"आत्या, बाजूला हो. लोकांच्या फोटोत येतेयस."

ती भिंतीला लागून उभी राहिली. भाच्यानं गोष्ट सुरू केली. बोलता बोलता, कडीकडं न बघता, त्याच्या अंगठ्यानं आतला पदर मागं ढकलला. गाठ सुटली.

"बघा," चिंधी उंच धरून तो म्हणाला, "इतकी सैल."