श्रावणातले बिबडे

भिजलेल्या ज्वारीचा आंबूस वास आला की मला साक्रीच्या घरातला एक श्रावण आठवतो. बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, कडक उन्हाळ्यात करायचे असतात. त्या वर्षी मी भर पावसात दहा किलो ज्वारी भिजत घातली होती. आठवडाभर मला दोन-तीन तासांची झोप पुरत होती, डोकं लख्ख होतं, आणि बिबड्यांचा कारखाना काढायचं मी ठरवूनही टाकलं होतं. सासूबाई त्यांच्या लेकीकडून परतल्या तेव्हा चुलीवर लसूण-तीळ घातलेला ज्वारीचा घाटा रटरटत होता, आणि गल्लीतल्या चार बायकांना बसवून मी एकटीच बोलत होते. सासूबाईंनी दारातल्या पागोळ्यांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "पण माय, ऊन कोठे शे?" बायका हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता थांबले. ती रिपरिप मी रोज ऐकत होते, तरी ऊन नाही हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मनाच्या या चढाला हायपोमॅनिया म्हणतात, हे धुळ्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आता मी जळगावला असते, गोळ्या घेते. तरी एखाद्या सकाळी सगळंच जमेल असं वाटायला लागलं, की सासूबाईंना फोन करून विचारते, "ऊन शे का?" त्या बाहेर बघायला उठत नाहीत, मला थोडा वेळ बोलू देतात आणि मग माझ्या बोलण्यावरून सांगतात.