बरोबरीची लढाई

आमच्या रविवारच्या टोळीचं असं आहे, की जाताना मी वहीत लढाया लिहून नेतो आणि येताना किस्से घेऊन येतो. लढायांची वही अजून अर्धी कोरी आहे. किश्श्यांची तिसरी सुरू झाली.

खेळ सोपा आहे. मी गोष्ट सांगतो, बाकीचे तिघं त्यातली पात्रं होतात. कोणी तलवारवाला, कोणी जादूगार. समोर राक्षस आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा, तर वार लागला. राक्षस किती तगडा असावा, हे ठरवणं माझं काम. अगदी लेचापेचा नको, जीवघेणाही नको. बरोबरीचा पाहिजे. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे हे गणित मला जमेल असा माझा समज होता.

*

पहिली मोठी लढाई पुलावर होती. पुलाखाली राक्षस, अंगावर शेवाळ, हातात झाडाचं खोड. त्याची ताकद काढायला मला तीन दिवस लागले होते.

त्याच्यापुढे आली पल्लवी. तिचं गांधीबागेच्या बाजारात कापडाचं होलसेल दुकान आहे. तिने तलवार काढलीच नाही.

"भाऊ, किती वर्षांपासून हाय इथं?"

मी राक्षसाच्या आवाजात म्हणालो, "शंभर!"

"शंभर वर्षं ओलीत? अन् सुट्टी?"

सुट्टीचं मी काहीच लिहिलं नव्हतं.

"चाल आमच्यासंग. सामान उचलजो. आठवड्यातून एक दिवस सुट्टी."

राक्षस गेला! मी तरी काय करणार, ऑफर चांगली होती. पुढच्या प्रत्येक लढाईत तो त्यांच्या बाजूने होता. एकदाच नव्हता. त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

*

अश्विन खापरखेड्याला वीज केंद्रात सेफ्टीचं काम पाहतो. एकदा मी गुहेत सात चोर दबा धरून बसवले होते. टोळी गुहेच्या तोंडाशी आली आणि अश्विनने हात वर केला.

"आतली हवा तपासली कोणी?"

"अश्विन, ही जादूची गुहा आहे."

"जादूची असो नाई तं कोळशाची. बंद जागा हाय. आत जाणाऱ्याच्या कमरेले दोर पायजे."

दोर आणायला सगळे गावात परतले. गावात दुसरंच भांडण लागलं, त्यात ते अडकले. या गोष्टीला दोन वर्षं झाली. ते सात चोर अजून दबा धरून बसले आहेत.

*

मे महिन्यातली गोष्ट. अजगराशी शेवटचा वार, पल्लवीने फासा टाकला, तो टेबलावरून उडाला आणि थेट कूलरच्या टाकीत! वाकून पाहिलं, तर तळाशी वीस.

मी म्हणालो, "पुन्हा टाक. पाण्यात फासा हळू फिरतो."

भांडण पेटलं. शेवटी सगळे मेश्रामकाकांकडे वळले. काका आमचे जादूगार. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून रिटायर झालेले, खेळही त्यांच्याच घरी चालतो. त्यांनी चष्मा लावून टाकीत पाहिलं.

"फासा थांबला का?"

"थांबला."

"मंग अजगर मेला. पुढचं प्रकरण!"

*

याच काकांची बायपास ठरली. मंगळवारी ऑपरेशन. आदल्या रविवारी खेळू नये असं आमचं ठरलं होतं, पण काकांचाच फोन आला, "येऊन राहिले ना?"

मी त्या दिवशी राक्षस अगदी मरतुकडा लिहिला. शिवाय माझे फासे मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतो. पंधरा आले की सांगायचो तीन.

चौथ्या वेळी काकांनी फासा खाली ठेवला.

"काहून गा मास्तर, हा राक्षस मले मारून राहिला का कुरवाळून राहिला?"

मी पुठ्ठा आणखी जवळ ओढला.

"आडोसा काढ. मले बरोबरीची लढाई पायजे."

मी पुठ्ठा काढला. फासा टेबलाच्या मधोमध गेला, थांबला. वीस! वीसला मरतुकड्याचा वारही जीवघेणा असतो. काकांचा जादूगार जागीच मेला.

पल्लवी रडायला लागली. अश्विन उठून गॅलरीत गेला. काकू स्वयंपाकघराच्या दारात भज्यांची प्लेट घेऊन उभ्या होत्या. काकांनी तो आकडा नीट पाहून घेतला आणि हात पुढे करून प्लेट मागून घेतली.

ऑपरेशन नीट झालं. काका आता रोज सकाळी चालायला जातात, नवा जादूगारही केलाय. पण मंगळवारी त्यांना आत नेत होते, तेव्हा मी तिथेच होतो. डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, "काका, घाबरू नका हं."

"घाबरून नाई राहिलो. माझं मरण परवाच होऊन गेलं."

डॉक्टरांनी काळजीने काकूंकडे पाहिलं.

काकू म्हणाल्या, "हो जी. माझ्यासमोरच मेले. मंग भजे खाल्ले."